बंद पडलेल्या खडी खदानीत पोरांना प्रस्तरारोहण शिकवता येईल का? (अंबाजोगाई परिसर)

बालाघाटचा_मास्तर
नमस्कार मंडळी. आमच्या गावाबाहेर गायरानात खडीची जुनी खदान आहे. क्रशर बंद पडून बरीच वर्षं झाली. उत्तरेकडे तोंड असलेली एक भिंत दोन मजले उंच आहे. समोरची तिच्या दुप्पट, पण तिच्या पायथ्याशी दिवाळीनंतरही पाणी असतं. मी शाळेत खेळ शिकवतो. पोरांना सह्याद्रीतल्या शिबिराला पाठवणं घरच्यांना परवडत नाही, आणि इथं कातळ दारात उभा आहे. मी स्वतः गिर्यारोहणाचा प्राथमिक कोर्स केलाय, दोर अडकवायला कातळात ठोकतात ते बोल्ट मात्र कधी मारलेले नाहीत. भिंत भरवशाची आहे हे ओळखायचं कसं? परवानगी कुणाची लागते?

कातळवेडा_संभाजीनगर
सर, कल्पना चांगली आहे आणि जगात ती चाललेलीही आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहराच्या मधोमध कांगारू पॉइंटला जुन्या खाणीच्या कड्यावर लोक संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात चढतात. वेल्समधली डिनॉर्विगची पाटीच्या दगडाची खाण 1969 ला बंद झाली, आज तिथं चढाईच्या कितीतरी वाटा आहेत.

पण दौलताबादचा तासलेला कडा बघून खदानीच्या भिंतीचा अंदाज बांधू नका. तो छिन्नीनं तासलाय, तुमची भिंत सुरुंगानं फोडलीय. धक्क्यानं दिसतो त्या दगडाच्या मागेही भेगा जातात. म्हणून ड्रिल मशीन आधी आणूच नका. वरून दोरावर उतरून पहारीनं सुटे दगड पाडा, खाली चिटपाखरू नको. एक पावसाळा जाऊ द्या, पुन्हा पाडा. मग फक्त टॉप रोप, म्हणजे चढणाऱ्याचा दोर वरून अडकवलेला. वर दोर जिथं अडकतो त्या अँकरला किमान दोन बोल्ट, स्टेनलेस स्टीलचे, चढाईसाठी प्रमाणित केलेले. हार्डवेअरच्या दुकानातला फासनर चालणार नाही. ते मारायला अनुभवी माणूस बोलवा. आपल्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल मातकट पट्टा असतो. तो भिजला की सुटतो, त्यात किंवा त्याच्या लगत काहीही ठोकू नका.

उत्तरेकडे तोंड असलेली भिंत आहे हे फार बरं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिच्यावर सावली राहते. मेमध्ये आपला काळा दगड हाताला चटके देतो, तेव्हा पोरांना चढवूच नका.

दगडातला_माणूस
मास्तर, राम राम. माझी हयात खदानीत गेली. आधी घण-छिन्नी, मग सुरुंगाची भोकं पाडायला कॉम्प्रेसरवर. सांगतो ते नीट ऐका.

भिंतीवर हातोडी मारत चला. जिवंत दगड खणखण वाजतो. पोकळ दगड बद्द बोलतो, तिथं पोराचा हात पडू देऊ नका. मग सुरुंगाच्या भोकांच्या खुणा शोधा. भिंतीवर उभी अर्धी नळी कापल्यासारखी शिल्लक दिसते. ती वरून खालपर्यंत सरळ टिकली असेल तर मागचा दगड कमी दुखावलाय. नळीचा मागमूस नाही, नुसता चिरफाळलेला दगड आहे, ती जागा सोडा. तुमची उंच भिंत बहुतेक अशीच असणार, कारण मशीन आल्यावर सुरुंगाची दारू सढळ हातानं भरली जायची.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. एखादा सुरुंग उडत नाही आणि भोकात तसाच राहतो. जुन्या भोकात किंवा त्याच्या शेजारी ड्रिल, पहार काही घालू नका. वायर लोंबताना दिसली तर हात न लावता सगळ्यांना लांब न्या आणि पोलिसांना कळवा. त्या खदानीवर शेवटपर्यंत कामाला असलेली माणसं गावात असतीलच. त्यांना मानानं बोलवा, भिंतीपुढं उभं करा. कुठला सुरुंग उडाला नव्हता हे आम्ही विसरत नसतो.

सातबारा_वाचक
आधी सातबारा काढा. गायरान शासनाच्या मालकीचं असतं, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव हवाच पण तेवढ्यानं भागत नाही. तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. खाणपट्टा कागदोपत्री संपलाय का तेही तिथंच कळेल. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 चं आहे. शुल्क घेऊन उपक्रम चालवणार असाल तर पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी पाहा.

बालाघाटचा_मास्तर
सगळ्यांचे आभार. दादा, तुम्ही सांगितलेलं माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्या गल्लीतले दोन काका त्याच खदानीवर होते, त्यांच्याशिवाय भिंतीला हात लावणार नाही. उंच भिंत सोडली. पाण्याच्या बाजूला काटेरी कुंपण घालायचं ठरावातच लिहून घेतो. एकच विचारायचं राहिलं. छोट्या भिंतीच्या पूर्व टोकाला मोठं शिंगवालं घुबड बसतं, आणि वरच्या कपारीखाली आग्या मोहोळाचे जुने डाग आहेत.

कातळवेडा_संभाजीनगर
ते शृंगी घुबड. उघड्या कपारीत अंडी घालतं आणि त्याचा विणीचा काळ नेमका आपल्या चढाईच्या दिवसांत येतो. पूर्व टोक पिल्लं उडेपर्यंत पूर्ण बंद ठेवा, दोर पश्चिमेकडे लावा. डाग आहेत म्हणजे मोहोळ त्याच जागी परत बसू शकतं. दर वेळी दोर सोडण्याआधी खालून दुर्बिणीनं कपार तपासा. एक जरी पोळं दिसलं तरी त्या दिवशी पोरांना मैदानावर गाठी बांधायला शिकवा.