ईको कार्गो व्हॅनमध्ये हत्यारांसाठी लाकडी रॅक करायचाय, ड्रॉवर करू की सुटे डबे?

धायरीफाटा:
नमस्कार मंडळी. वडील आणि मी मिळून फर्निचरची कामं करतो, वॉर्डरोब, किचन, बेड, दरवाज्यांची दुरुस्ती वगैरे. धायरीत पत्र्याची छोटी शेड आहे पण निम्म्याहून जास्त काम साइटवरच असतं, कधी बाणेर कधी वाघोली, मागचा महिना सलग हिंजवडी. इतके दिवस दुचाकी आणि गरज पडली की भाड्याचा छोटा हत्ती असं चाललं होतं. दिवाळीत सेकंडहँड ईको कार्गो घेतली, पेट्रोल, आणि आता मागचा भाग म्हणजे नुसता ढीग झालाय. गोणीत क्लॅम्प, बादलीत स्क्रूची पाकिटं, ड्रिल एका पिशवीत तर त्याचा चार्जर दुसऱ्याच पिशवीत. परवा ३५ एमएमचे स्क्रू गाडीत होते, सापडलेच नाहीत, परत विकत आणले.

पण खरं कारण वेगळंय. वडील ६१ चे आहेत, कंबर धरते. गाडीत अर्धं आत शिरून, वाकून, खालची वस्तू उपसून काढायची असं दिवसातून दहा-पंधरा वेळा होतं. ते बोलत नाहीत पण उठताना दरवाज्याला हात टेकवतात ते मला दिसतं.

माझा प्लॅन असा: १९ एमएम प्लाय, दोन्ही बाजूंनी छतापर्यंत रॅक, त्यात टेलिस्कोपिक चॅनेलवर (सरकत्या पट्ट्यांवर) ड्रॉवर, मध्ये चिंचोळी वाट. विचारायचंय ते हे की प्लाय साधा चालेल का मरीनच (पाण्यात टिकणारा) पायजे, रॅक गाडीला पक्का कसा करायचा कारण पत्र्याला भोकं पाडायची भीती वाटते, आणि पावसाळ्यात काय हाल होतील. अजून एक, आजोबांची सागवानी पेटी आहे, भोरहून आणलेली, साधारण तीन फूट लांब, वडिलांची पटाशी, रंधे, गुण्या सगळं त्यातच असतं. ती माझ्या कुठल्याच ड्रॉइंगमध्ये बसत नाहीये.

रंधा_पटाशी:
तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी २२ वर्षं हेच काम करतोय, गाडीत दोनदा रॅक केलाय, पहिला तुझ्या प्लॅनसारखाच होता आणि दीड वर्षात मोडून काढला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वजन. १९ एमएमची आठ बाय चारची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते, मरीन असेल तर त्याहून जास्तच. तुझ्या प्लॅनला कमीत कमी चार शीट लागतील, म्हणजे एक हत्यार ठेवायच्या आधीच दोन माणसांचं वजन गाडीत कायमचं बसलं. आरसी बुकात रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं, त्यातला फरक काढ, त्यातून तुम्ही दोघं वजा करा, मग जे उरतं त्यात रॅक, हत्यारं आणि माल. घरातल्या वॉर्डरोबला १९ लागतो कारण सात फुटी शटर लटकतं, गाडीत तसं काही नाही. उभ्या बाजू १२ एमएम, डबे ९ एमएम, बास. आपल्या भाषेत चार सूत आणि तीन सूत.

आता ड्रॉवरचं. बाबा रे, आपलं काम गाडीत होत नाही, नवव्या मजल्यावर होतं. ही एक गोष्ट मला पहिल्या रॅकच्या वेळी कळली नाही. बऱ्याच सोसायट्यांत गाडी गेटजवळच थांबवतात, तिथून लिफ्टपर्यंत सगळं हातानं. मग सुंदर ड्रॉवर गाडीत आणि आपण त्यातलं सामान परत पिशवीत भरतोय, म्हणजे ढीग फक्त गाडीतून पिशवीत गेला. म्हणून ड्रॉवर नको, सुटे डबे कर, जे रॅकमधून ओढले की तसेच उचलून वर नेता येतील. एक डबा फिटिंगचा म्हणजे बिजागऱ्या, चॅनेल, स्क्रू, एक ड्रिलचा आणि त्याचा चार्जर त्याच डब्यात, एक रूटर (कडांना आकार द्यायचं मशीन) आणि बिट्स, एक मायका लावायच्या सामानाचा. वस्तूंच्या जातीप्रमाणे नाही, कामाप्रमाणे भर. शटर बसवायला गेलो की एकच डबा उचलायचा.

माप देतो, मी केलंय ते. लांबी पावणेसोळा इंच, रुंदी १२, उंची ८. छोट्या बाजू लांब बाजूंच्या आत घे. ९ एमएमच्या एका शीटमध्ये असे सहा डबे निघतात, कटरच्या पात्याची जागा सोडूनही, आणि आडवी एक पट्टी उरते ती आतल्या खणांना कामी येते. रिकामा डबा अडीच किलोच्या आत बसतो. दोन्ही टोकांना हात घालायला लांबट भोक, त्याची कड रूटरनं गोल कर नाहीतर बोटं कापतात. भरलेला डबा १०-१२ किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही, मोठा डबा केला की माणूस तो भरतोच आणि मग उचलताना कंबर जाते. वडिलांसाठी करतोयस ना, मग हा नियम सोडू नको.

रॅकला फळ्या मारू नको. उभ्या बाजूंना आतून पट्ट्या ठोक, डब्याच्या दोन कडा त्यावर टेकतील. पट्टीच्या पुढच्या टोकाला दोन सूत उंचीचा तुकडा लाव. डबा जरासा उचलला तरच बाहेर येतो, घाटात आपोआप सरकत नाही. पट्टीवर मेणबत्ती घास, मऊ चालतं. खडखड होत असेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटव.

प्लाय आयएस ७१० चा शिक्का असलेला घे, म्हणजे मरीन. आयएस ३०३ मध्ये एमआर ग्रेड येतो तो घरातल्या कोरड्या जागेसाठी, पावसाळ्यात ओली हत्यारं आणि ओले बूट आत येणार, त्याची कड फुगते. सगळं नवीन घ्यायची गरज नाही, शेडमध्ये साइटवरून उरलेले मरीनचे तुकडे असतीलच, टिंबर मार्केटला एखादी शीट आणायला जा फक्त. कापलेल्या प्रत्येक कडेला पॉलिश नाहीतर पेंट, दोन हात. पाणी मधून नाही, कडेतून शिरतं.

आणि पत्र्याला चिकटवून रॅक करू नको, गाडीच्या पोटाचा बाक जुळवायच्या नादात दोन दिवस जातात. रॅक सरळ गुण्यात उभा कर, पत्र्यापासून दीड इंच सोड. हवा खेळती राहते, पत्र्याला आतून पाणी सुटलं तरी लाकडाला लागत नाही, आणि त्या फटीत चार फुटी लेव्हल आणि ॲल्युमिनियमची पट्टी उभी सरकवून ठेवता येते. फक्त चाकाच्या वरचा जो फुगवटा आहे तिथं पुठ्ठ्याचा फर्मा काढ, पुठ्ठा थोडा थोडा कापत बसव, मग प्लायवर आख.

नवले_पूल_रोजचा:
वरचं सगळं बरोबर, पण सीटच्या मागं पार्टिशन आहे का ते आधी सांग. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत उतार आहे, तिथं पुढच्यानं करकचून ब्रेक मारला तर तुझं कटर मशीन थेट मानेवर येईल. डब्यांना मागच्या दरवाज्याकडं अडथळा केलास तसा ड्रायव्हरकडंही पायजे. रॅक दिसायला छान नाही झाला तरी चालेल, हे मात्र पहिल्या दिवशी कर.

गॅरेज_नाना_पेठ:
पत्र्याची भीती बरोबर आहे. ईकोला मागची चाकं चालतात, म्हणजे फ्लोअरच्या खालून शाफ्ट जातो, शिवाय पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप. वरून ड्रिल मारायच्या आधी गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघ, खडूनं खुणा कर. लांब स्क्रू फ्लोअरमध्ये अजिबात मारायचे नाहीत.

आधी बॉडीत कंपनीचे नट कुठं आहेत ते शोध, रबरी बूच काढून बघ. जिथं नाहीत तिथं रिव्हेट नट (भोकात दाबून बसवायचे आटेवाले नट) मारून घे, एम ८ चे, कुठल्याही बॉडीवाल्याकडं त्याची गन असते. भोकाच्या कडेला लगेच झिंक प्रायमर, नाहीतर पहिल्या पावसात गंज धरतो. नुसता सेल्फ टॅपिंग स्क्रू पातळ पत्र्यात महिन्याभरात ढिला होतो. रॅक बोल्टवरच राहू दे, वेल्डिंग नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलेलं आहे त्यात परस्पर बदल करता येत नाही, आणि कमर्शियल गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) असतं. चार बोल्ट काढले की गाडी पहिल्यासारखी, असं ठेव.

पुढं कधी सीएनजी केलास तर टाकीसमोर रॅक नको, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या तपासणीला) टाकी बाहेर काढावी लागते आणि व्हॉल्व्हपर्यंत हात तर कायम पोचला पायजे.

भोसरी_वर्कशॉप:
मी थोडा वेगळा आहे. सगळे सुटे डबे नकोत. माइटर सॉ (कोनात कापायचं करवत मशीन) आणि कॉम्प्रेसर डब्यात बसत नाहीत, त्यांना खाली फ्लोअरलगत एक लांब सरकता ट्रे कर, मागच्या दरवाज्यातून बाहेर येईल असा. साधं ४५ किलोवालं चॅनेल घेऊ नको, ट्रे पूर्ण बाहेर आला की सगळा भार टोकावर येतो, हेवी ड्यूटी लॉकवालं घे. जड सामान खाली आणि होईल तेवढं पुढं, सीटच्या बाजूला. सगळं दरवाज्याशी ठेवलं की गाडीचं नाक हलकं होतं, स्टिअरिंगला लगेच जाणवतं. आणि थिनर, एसआर सोल्युशन (चिकटवायचं) असलं काही बंद गाडीत रात्रभर ठेवू नका, मे महिन्यात गाडी उन्हात उभी असते तेव्हा तर नाहीच.

धायरीफाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार. पार्टिशन नाहीये, आधीच्या मालकानं जाळी काढून टाकलेली, त्यामुळं पहिलं काम तेच, उद्याच जाळीवाल्याकडं माप देतो. दोन्ही बाजूंचा प्लॅन रद्द, फक्त ड्रायव्हरच्या बाजूला रॅक, सरकत्या दरवाज्याची बाजू मोकळी. काल शेडमध्ये पुठ्ठ्याचे दोन डबे करून वडिलांना दिले, त्यांनी विटा भरून उचलून बघितले आणि उंची ८ ची ७ करायला सांगितली, ड्रिलच्या डब्याची सोडून.

पेटीचं मात्र अजून अडलंय काका. ती भरली की दोघांना उचलावी लागते. वडील म्हणाले तुझ्या रॅकला अडचण होत असेल तर पेटी शेडमध्ये ठेवू, पण म्हणताना तिच्यावर हात फिरवत होते.

रंधा_पटाशी:
शेडमध्ये ठेवू नको. आधी पेटी गाडीत ठेव, मग तिच्याभोवती रॅक आख. सरकत्या दरवाज्याच्या समोर, रॅकच्या खालच्या खणात, लांबी गाडीच्या लांबीत. खाली तीन इंचाचा ओटा कर आणि पेटीच्या चारही कोपऱ्यांना पट्टी ठोक, म्हणजे हलणार नाही. तिच्यावरचा पहिला डबा पेटीच्या रुंदीपेक्षा जास्त वर घे, झाकण पूर्ण उघडायला पायजे. बाहेर रस्त्यावर उभं राहून, न वाकता वडिलांचा हात पटाशीपर्यंत पोचतो का ते बघ, नसेल पोचत तर ओटा अजून वाढव. पेटी उचलायचीच नाही, साइटवर त्या दिवशी लागतील तेवढ्या पटाशा कापडात गुंडाळून न्यायच्या, पाती एकमेकांना लागू द्यायची नाहीत.

माप घेतलंस की इथं टाक, कापायच्या आधी.

धायरीफाटा:
पेटी ३७ लांब, १५ रुंद, १३ उंच. झाकण मागं पडतं, म्हणजे फटीकडं साडेतीन इंच तरी सोडावे लागतील. रविवारी कापायला घेतो.