पंचकल्याणी घोडीच्या मागच्या पायांवर खपल्या: मदत हवी आहे

सिंदफणाकाठ:

नमस्कार. माजलगाव तालुक्यातील आमच्या शेतावर दोन तट्टाच्या घोड्या आहेत. एक कुमैत, म्हणजे तांबूस रंगाची, आहे आणि दुसरी पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय व तोंडावरचा पट्टा पांढरा असलेली. दोघी बाराही महिने उघड्यावरच असतात आणि रात्री लिंबाखाली एकाच दावणीला बांधल्या जातात. आषाढातील पहिल्या मोठ्या पावसानंतर पंचकल्याणीच्या मागच्या दोन्ही पायांना, खुराच्या वर मागील बाजूस जी खोबण असते तिथे, बारीक पुरळ उठले. आता भाद्रपद लागला तरी ते हटलेले नाही. पुरळाच्या जाड पिवळट खपल्या झाल्या असून केस पुंजक्यांनी गळत आहेत, खाली गुलाबी ओली कातडी दिसते आणि तिच्यातून लस येते. काल गळालेली एक खपली हातात घेऊन पाहिली, तेव्हा तिच्यात रुतलेले केस रंगाच्या ब्रशासारखे एकत्र चिकटलेले दिसले.

काळी माती पायाला राहू नये म्हणून मी रोज संध्याकाळी मोटारीच्या पाण्याने पाय धुतो, खपल्या ओढून काढतो आणि करंजाचे तेल लावतो. खपली काढताना ती इतकी थरथरते की मलाच पुढे हात लावण्याचे धैर्य होत नाही. गावात कोणी ट्रॅक्टरचे जळके ऑइल लावा म्हणतात, तर एका दुकानदाराने बैलांच्या गोचिडांवरचे अमिट्राझ देऊ केले आहे. ते लावावे का? शिवाय कुमैत घोडीला काहीच का होत नाही, हेही समजत नाही.

पशुसेवा_परभणी:

भाऊ, सर्वप्रथम ते अमिट्राझ बाजूला ठेवा. बैलाला चालणारे हे औषध घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, मोठ्या आतड्यात लीद अडकते आणि पोटशुळाने जनावराच्या जिवावर बेतू शकते. जळक्या ऑइलने उघडी कातडी आणखी पोळेल.

आपण केलेल्या वर्णनावरून हा डर्मॅटोफिलस कॉंगोलेन्सिस या जंतूचा त्वचारोग असण्याची शक्यता मला अधिक वाटते. हा जंतू खपलीत टिकून राहतो आणि ओल मिळताच त्याचे बीजाणू पाण्यातून हालचाल करत पसरतात. परंतु धड, कोरड्या कातडीत त्याला सहसा शिरता येत नाही, त्याला ओल आणि इजा अशी दोन्ही लागते. रोजच्या धुण्याने आपण ओल पुरवत आहात आणि खपल्या ओढून इजाही करत आहात. घोडीवरच्या मायेपोटीच हे घडते आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पांढऱ्या केसांखालची रंगहीन कातडी अधिक नाजूक असते, त्यामुळे कुमैत सुटली असावी. केवळ मागचेच पाय धरले आहेत, तर पिछाडी, म्हणजे मागचे पाय बांधण्याची दोरी, कशाची आहे ते पाहावे.

पायाचे केस कात्रीने आखूड करावेत. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे 2 टक्के द्रावण लावून 10 मिनिटे तसेच ठेवावे, नंतर धुऊन सुती फडक्याने टिपून पाय पूर्ण कोरडा करावा. कोरडे करणे राहिले, तर बाकीचे सर्व व्यर्थ जाते. मऊ होऊन सहज सुटतील तेवढ्याच खपल्या काढाव्यात. हा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून हातमोजे घालावेत. पहिला आठवडा रोज, नंतर कातडी पाहून अंतर वाढवावे. चिखल लागला, तर तो वाळू द्यावा आणि ब्रशाने झाडावा.

घोडी पाय आपटत असेल किंवा रात्री एक पाय दुसऱ्यावर घासत असेल, तर खरजेच्या किडीचा संशय घ्यावा लागेल आणि त्यासाठी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. तोंडावरचा पांढरा पट्टाही लाल होऊन सोलवटला असेल, तर टणटणीसारखी वनस्पती खाण्यात येऊन यकृत बिघडले आहे का, हे तपासावे लागेल. पाय सुजला, लंगडली किंवा ताप आला, तर प्रतिजैविकाचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. पायावर रांगेने गाठी येऊन फुटू लागल्या किंवा नाकातून घट्ट स्राव आला, तर मात्र ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची शंका धरून घोडीला वेगळे बांधावे आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. तो माणसालाही जीवघेणा आहे.

सिंदफणाकाठ:

आपले मनापासून आभार. तोंडावरचा पट्टा स्वच्छ आहे, गाठी नाहीत आणि ती पायही आपटत नाही. पिछाडी मात्र नायलॉनची निघाली. केस बाजूला करून पाहिले, तेव्हा दोराच्या जागी दोन्ही पायांना सारखीच लाल रेघ होती आणि खपल्यांची सुरुवात तिथूनच झालेली दिसली. मी ती लगेच सोडली. दावणीखाली मुरूम टाकून जागा उंच करतो आहे. डॉक्टरांना दाखवण्यासाठी खपली न्यायची असल्यास ती पाण्याच्या बाटलीत ठेवावी का?

पशुसेवा_परभणी:

पाण्यात नको. औषध लावण्यापूर्वी घेतलेली, केसांसह असलेली खपली कोरड्या कागदी पाकिटात ठेवून न्यावी.