खेळघरासाठी कोणती खेळणी घ्यायची?

*बालाजीभाऊ (सोसायटीचे सचिव):* क्लब हाऊसच्या खोलीत १ ते ३ वर्षांच्या लेकरांसाठी खेळणी घ्यायचीत. बजेट ४,००० रुपये. गंजगोलाईच्या बाजारात एबीसीडी म्हणणारा लॅपटॉप आणि गाणी वाजवणारी गाडी बघून ठेवलीय. अजून काय?

*शुभांगीताई (बी-३०२, स्पीच थेरपिस्ट):* भाऊ, ती दोन्ही राहू द्या. खेळणं बोलायला लागलं की मोठी माणसं गप्प बसतात. २०१६ साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात १० ते १६ महिन्यांच्या २६ लेकरांचा आईबापासोबतचा खेळ रेकॉर्ड केला होता. बॅटरीच्या खेळण्यांसोबत मोठ्यांचे मिनिटाला साधारण ४० शब्द, ठोकळ्यांसारख्या साध्या खेळण्यांसोबत ५६ आणि चित्रांच्या पुस्तकांसोबत ६७.

*कविता (ए-१०४):* पण ताई, त्यानं रंग, आकडे तर शिकतात की.

*शुभांगीताई:* म्हणून दाखवतात. 'ब्लू, यलो' सगळं येतं आणि पाणी मागायला रडतात! या वयात कामाचे शब्द म्हणजे दे, घे, अजून, नको, गेलं, पडलं. हे शब्द ज्या खेळात लागतात तीच खेळणी घ्या.

*बालाजीभाऊ:* मग यादीच द्या ताई.

*शुभांगीताई:* मोठा मऊ चेंडू, बबलच्या २ बाटल्या, भातुकली, १०-१२ मोठे ठोकळे, जाड पुठ्ठ्याची ५-६ चित्रांची पुस्तकं, प्राण्यांचा संच. प्राण्यांत गाय, बैल, शेळी, कोंबडी आधी. जिराफाचं नंतर बघू. आणि घट्ट झाकणाच्या २ पारदर्शक प्लास्टिकच्या बरण्या. त्यात खेळणं ठेवलं की दिसतं, पण निघत नाही, मग मागावं लागतं.

बबल असे वापरा: लेकरासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. एकदा फुंका, झाकण घट्ट लावा, बाटली त्याच्या हातात द्या. उघडणार नाही, मग तुमच्याकडे बघेल. आता मनात १० पर्यंत मोजा. नुसतं बघितलं, हात पुढं केला, 'अँ' केलं, काहीही चालेल. तुम्ही 'अजून!' म्हणा आणि लगेच फुंका. बिघडतं ते इथंच. दुसऱ्याच सेकंदाला 'म्हण ना, अजून म्हण' सुरू होतं आणि लेकरू उठून जातं. 'हे काय? ते काय?' अशी परीक्षाही नको. ते 'गाडी' म्हणालं की तुम्ही 'लाल गाडी' म्हणा, एक शब्द जोडून सोडून द्या.

*मंगलमावशी (अंगणवाडी):* बबलनं फरशी निसरडी होते, खाली जुनी सतरंजी टाका. भातुकलीत ज्वारी, शेंगदाणे, चिंचोके ठेवायचे नाहीत, लेकरं नाकात घालतात. ४ सेंटीमीटरपेक्षा लहान काहीही ३ वर्षांच्या आत नको. आणि भाऊ, खोक्यावर आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे.

*शाहीनभाभी (सी-२०१):* घरात दखनी आणि बाहेर मराठी असेल तर लेकरू उशिरा बोलतं का?

*शुभांगीताई:* नाही भाभी. तुम्हाला जी सहज येते त्यात भरपूर बोला. काळजी वेगळ्या गोष्टींची करा: १२ महिन्यांत बोटानं दाखवणं, टाटा करणं नाही, १६ महिन्यांत एकही शब्द नाही, २ वर्षांत 'पाणी दे'सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा येणारे शब्द बंद झाले. अशा वेळी खेळणी बदलत बसू नका, आधी कानाची तपासणी करा.

*मंगलमावशी:* अंगणवाडीत आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, सरकारी तपासणी) पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांना दाखवा. तपासणी, पुढची चिठ्ठी, सगळं फुकट.

*बालाजीभाऊ:* बरं. सगळी खेळणी एकदम मांडायची का?

*शुभांगीताई:* एका वेळी ४-५ बाहेर, बाकी कपाटात, आठवड्यानं अदलाबदल. ढीग दिसला की लेकरू एकावर टिकत नाही.

*कविता:* घरी आधीच आणलेल्या बोलक्या खेळण्यांचं काय करायचं?

*शुभांगीताई:* सेल काढा, आवाज आपण तोंडानं करा. बटणासारखा चपटा सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूचं आहे ना, ते आजच बघा. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.