मदत हवी आहे : ओढ्याकाठी पांढरी विष्ठा दिसायलीय, बिबट्या का तरस?

राम राम मंडळी. आमचं शेत धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या अभयारण्यापासून फार लांब नाही. २०२४ च्या डिसेंबरात तिथं यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ कॅमेऱ्यात आला तेव्हापासून गावात काहीही दिसलं की वाघच, कुत्रं हागलं तरी लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात.

तर झालंय असं की ओढ्याच्या कडंला जिथं लोक मेलेली जनावरं आणून टाकतात तिथं पांढरीफटक विष्ठा दिसायलीय, लिंबाएवढाले गोळे, जुने-नवे एकाच जागी. एक काडीनं फोडला तर आत हाडाचा चुरा अन् थोडे केस. रोहीच्या लेंड्या मला कळतात, तेबी एकाच जागी ढीग घालतंय पण त्यात नुसता चारा. कोल्ह्याच्यात बोराच्या बिया असतात, तेबी ओळखू येतं. हे काय ते कळंना. शेळ्या रात्री शेतातच असतात, गडी म्हणतोय बिबट्याच, आणि मोटारीची थ्री फेज लाइट तर रातचीच असते, पाणी द्यायला जावं का नाही?

प्रतिसाद : तरस वाटतंय दादा. ते हाडं फोडून खातं, त्यातल्या कॅल्शियममुळं विष्ठा वाळली की पांढरी पडते, आणि एकाच जागी घाण करायची त्याला सवयच असते. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, बिबट्याचीही उन्हानं पांढरी पडते, फक्त ती लांबुळकी, पेरं पडलेली, टोकाला निमुळती आणि केसांनी भरलेली असते. ओल्या मातीत ठसे बघा. तरसाची नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ठेवतो. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. आणि फोडताना तोंडाला रुमाल बांधत जा, हात तर लावूच नका, अशा विष्ठेत जंतांची अंडी असतात.

धागाकर्ता : ठसे हायेत की, हरभऱ्याच्या ओल्या सरीत, नखं चांगली खुपसलेली. पुढचा-मागचा पाय बघून सकाळी फोटो टाकतो.

प्रतिसाद : फोटोत शेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे साइज कळंल. तरस मेलेल्या जनावरांवरच जास्त जगतं, पण बांधलेली शेळी मिळाली तर सोडत नाही, तवा शेळ्या बंद गोठ्यात घ्या. मेलेली जनावरं पुरायला लावा, तीच त्याला बोलवायलीत. पाण्याला एकटं जाऊ नका, अन् ठसा बिनानखांचा निघाला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.