धोरणतज्ज्ञ कोणाच्या कामाचे, लोकांच्या की साहेबाच्या?

पेठकर: हॅरल्ड लासवेल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने 1951 साली धोरणविज्ञानाची, म्हणजे सरकारी धोरणं शास्त्रीय पद्धतीने अभ्यासण्याची, कल्पना मांडली. म्हणे हे शास्त्र लोकशाहीसाठी राबावं. पुण्यात राहून मला ते पचत नाही. 2006 साली सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखीव मार्गिका, आली, तेव्हा आराखडे होते, सल्लागार होते. बससाठी धावत्या गाड्यांतून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणाऱ्या आजींना कोणी विचारलं होतं?

मीटरवाला: पेठकर, बीआरटीवरून सगळ्या शास्त्रालाच झोडपू नका. विजेचं बघा. 1999 साली राज्यात वीज नियामक आयोग आला आणि दरवाढीवर जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. त्यात आपल्या पुण्याच्या 'प्रयास' या अभ्यासगटाने वीज मंडळाचेच आकडे उलगडून दाखवले. बऱ्याच शेतीपंपांना मीटर नव्हते. मग वापर काढायचा कसा? पंपांची अश्वशक्ती गुणिले अंदाजे तास. तास फुगवले की चोरी आणि गळती शेतकऱ्याच्या नावावर खपते! हा गुणाकार चव्हाट्यावर आणला तो अभ्यासानेच. मोर्चाने दरवाढ अडली असती एखादवेळी, हिशोब नसता उघडा पडला.

पेठकर: मान्य, पण दरवाढीच्या प्रस्तावाचं ते बाड वाचतं कोण? लोकांच्या वतीने तज्ज्ञच बोलणार, म्हणजे एक साहेब जाऊन दुसरा आला. रोजगार हमी बघा, ती वि. स. पाग्यांची. ते राजकारणी होते, तज्ज्ञ नव्हेत. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते, म्हणून 1977 चा कायदा झाला.

सदाशिवची सून: काका, अर्धंच सांगताय. दुष्काळाच्या आधी, 1971 साली, दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी गरिबीचा हिशोब मांडून गावोगावी सार्वजनिक कामं काढा असं लिहिलं होतं. दोघेही पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूट या अर्थशास्त्राच्या संस्थेतले. पाग्यांचं श्रेय त्याने कमी होत नाही, पण खर्च परवडेल का, या प्रश्नाला नुसत्या कळवळ्याने उत्तर मिळत नाही.

पेठकर: उत्तर द्यायला तज्ज्ञ हवेत, ठीक. प्रश्न कोण ठरवणार? महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय 2006 पासून आहे. आम्ही सुचवायचं काय, तर बाकडी, दिवे, पदपथ. उड्डाणपूल हवा की जादा बस, हे त्या अर्जात विचारत नाहीत.

मीटरवाला: मग तेच मागा ना! मोठ्या प्रकल्पांनाही विजेसारखी सुनावणी, मराठीत, हिशोबासकट. हरकत लिहायला मी बसतो तुमच्याबरोबर.

पेठकर: बसू. पण आकडेमोड तुमची, प्रश्न माझे.