फुकट, मराठीत आणि नेटशिवाय चालणारं असं वर्गासाठी खरंच काय वापरता?

विक्रोळीची_बाई

नमस्कार मंडळी, मी विक्रोळीला एका अनुदानित मराठी शाळेत पाचवी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. वर्गात ५४ मुलं, एक टीव्ही आहे जो माजी विद्यार्थ्यांनी दिलाय, आणि इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही खिडकीशी फोन ठेवला तरच. दिवसाचा दीड जीबी, त्यातलं निम्मं सकाळीच आमचे चिरंजीव क्लासच्या व्हिडिओत संपवतात.

तर मूळ दुखणं असं की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी 'शिक्षकांसाठी १०० मोफत वेबसाइट' असला फॉरवर्ड येतो, मी आशेने एकेक उघडत बसते, त्यातल्या निम्म्या बंद, उरलेल्या इंग्रजीत, आणि ज्या चालतात त्यांच्या वर्कशीटमध्ये डॉलर-सेंटचे हिशोब आणि बर्फातला स्नोमॅन. आमच्या पोरांनी बर्फ फक्त गोळ्यात पाहिलाय. जूनमध्ये एका साइटवर 'सात दिवस फुकट' बघून मी हौसेने नाव घातलं, दोन वर्कशीट काढल्या, विसरले, आणि पुढच्याच महिन्यात खात्यातून ७९९ रुपये गेले. परत मिळाले नाहीत. अहो अजून हसतात, म्हणतात फुकटाची हौस महागात पडली.

म्हणून यादी नकोय प्लीज. तुम्ही स्वतः कुठल्या धड्याला काय वापरलंत आणि वर्गात काय झालं तेवढं सांगा. मराठीत हवं, शक्यतो नेटशिवाय चालणारं, आणि मुलांना लॉगिन करायला लावणारं अजिबात नको कारण निम्म्यांच्या घरी फोन एकच, तो बाबांबरोबर रात्री येतो.

कुर्ला_स्लो

ताई, ७९९ ची कथा आमच्या स्टाफरूममध्ये पण झालीये, कुणाचं नाव सांगत नाही. आधी ते बघा, तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नाहीतर मँडेट (म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी) असा भाग असतो, तिथे अजून काही चालू असेल तर बंद करून टाका. आणि जिथे 'फुकट' लिहून कार्ड मागतात तिथून सरळ मागे फिरायचं.

आता कामाचं. मी पाचवीला अपूर्णांक शिकवताना फेट वापरते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, कार्ल वीमन म्हणून नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ आहेत त्यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, पूर्ण फुकट, आणि बरीच सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत. भाषांतराच्या पानावर जाऊन मराठी निवडायचं. मुख्य म्हणजे ती फाइल डाउनलोड होते, एचटीएमएलची एकच फाइल, घरी उतरवायची, पेन ड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर ठेवायची, शाळेत ब्राउझरमध्ये उघडली की नेट नसतानाही चालते. हे मला दोन वर्षं माहीतच नव्हतं, मी आपली हॉटस्पॉट धरून खिडकीत उभी, अगदी तुमच्यासारखीच 😄

वर्गात झालं असं. मी फळ्यावर एक छेद चार आणि एक छेद आठ लिहिलं, मोठा कुठला विचारलं, तर जवळजवळ सगळा वर्ग 'एक छेद आठ' म्हणून ओरडला, कारण आठ मोठे. मग अपूर्णांकाचं सिम्युलेशन लावलं, त्यात गोल, पट्टी, केक असं काहीही निवडता येतं, मी केक घेतला. खालचा छेदाचा बाण एकेक दाबत गेले, चार, पाच, सहा, प्रत्येक वेळी तुकडा बारीक होतोय, आठवर आल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो बोलला, "टीचर, म्हणजे वाढदिवसाला जास्त पोरं बोलावली तर आपल्यालाच कमी." झालं, पुढची वीस मिनिटं मला काही बोलावं लागलं नाही. फक्त एक करा, माउस स्वतःकडे ठेवू नका, पोरांना पुढे बोलवा, नाहीतर तो टीव्हीवरचा अजून एक कार्यक्रम होतो.

दीक्षा हे सरकारी शिक्षणाचं ॲप तुम्हाला माहीत असेलच, २०१७ पासून आहे, पण बरेच जण पुस्तकावरचे क्यूआर कोड वापरतच नाहीत. बालभारतीच्या पहिल्या पानावरच्या कोडने डिजिटल पुस्तक मिळतं आणि धड्यातल्या कोडने त्या धड्याचं साहित्य. ॲपमध्ये घरच्या वायफायवर उतरवून ठेवता येतं. सगळे व्हिडिओ सारखे नसतात, आधी स्वतः पूर्ण बघा, मी तर बहुतेक वेळा मधली दोन-तीन मिनिटंच दाखवते आणि बंद करते.

परळचे_मास्तर

बाई, मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. टीव्हीवर केक कापला ते छान, पण विज्ञान टीव्हीवर बघून होत नाही, ते हातात यावं लागतं. ऑनलाइन फुकटचं सगळ्यात मोठं भांडार मला विचाराल तर अरविंद गुप्तांची साइट. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. कचऱ्यातून खेळणी कशी करायची त्याचे फोटो, छोटे व्हिडिओ, आणि मराठी पुस्तकांच्या पीडीएफ, सगळं खुलं. नाव नोंदवा नाही, कार्ड द्या नाही.

आठवीला विद्युतधारा आणि चुंबकत्व आहे ना, त्याला मोटर करून घ्या. टॉर्चचा मोठा सेल, त्याच्या दोन्ही टोकांना रबराने दोन सेफ्टी पिना, मधे सेलवर जुन्या स्पीकरमधला चुंबक, आणि इनॅमलच्या (वीज अडवणारा पातळ थर दिलेल्या) तांब्याच्या तारेचं दहा वेढ्यांचं वेटोळं पिनांच्या भोकात टांगायचं. खर्च विचाराल तर सेलचा तेवढा.

आता यातली गंमत ऐका. पहिल्या वर्षी मी तारेची दोन्ही टोकं ब्लेडने अगदी चकचकीत होईपर्यंत चारही बाजूंनी खरवडली. तार फिरायचं नाव घेईना, नुसती थरथरायची, आणि चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघतायत. मी घामाघूम. घरी येऊन परत व्हिडिओ बघितला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. म्हणजे अर्ध्या फेरीत वीज वाहते आणि धक्का बसतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत वीज बंद, वेटोळं आपल्या वेगाने पुढे सरकतं. सगळं खरवडलं की उरलेल्या अर्ध्या फेरीत उलट्या दिशेने धक्का बसतो आणि पहिल्या धक्क्याचं काम पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही तारा वर्गात नेल्या, चुकलेली आणि बरोबर, आणि पोरांना विचारलं फरक शोधा. त्या चुकलेल्या तारेनेच धडा शिकवला असं म्हणायला हरकत नाही. एवढंच की वेटोळ्याला सुरुवातीला बोटाने हलकी टिचकी लागते, आणि सेल जास्त वेळ जोडून ठेवू नका, तार तापते.

तुम्ही विक्रोळीच्या, मग मानखुर्द काय लांब आहे? होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तिथेच आहे, १९७४ पासून शालेय विज्ञान-गणितावर काम चाललंय त्यांचं, त्यांच्या साइटवरचं साहित्य बघा. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे. ऑनलाइन ऑनलाइन करता करता हार्बर लाइनवरचं विसरू नका.

झेरॉक्सवाले_मामा

मी शिक्षक नाही हां, भांडुपला स्टेशनजवळ माझं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे, मिसेस शिक्षिका आहे म्हणून हे वाचतो. परीक्षेच्या आदल्या रात्री पावणेनऊला शटर ओढताना एक तरी सर किंवा मॅडम धावत येतात, पेन ड्राइव्हमध्ये प्रश्नपत्रिका, माझ्या कॉम्प्युटरवर उघडली की 'खालील प्रश्नांची उत्तरे लिहा' च्या जागी नुसती चिन्हं, डॉलर, कंस, उलटी स्वल्पविरामं. शाळेच्या जुन्या मशीनवरचा फॉन्ट, तो माझ्याकडे नाही, मग मॅडम रडकुंडीला. हे फुकटात सुटतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत टाइप करा, कुठेही उघडेल. फॉन्ट पाहिजे तर 'मुक्त' आणि 'बालू' हे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे 'एक टाइप' नावाच्या आपल्या मुंबईच्याच मंडळींनी बनवलेत. लहान पोरांच्या वर्कशीटला बालू मस्त दिसतो, जाड गोल अक्षर. टाइप येत नसेल तर गूगल डॉक्समध्ये माइकचं बटण दाबून मराठीत बोला, तो टाइप करतो, जोडाक्षरं मात्र नंतर तपासा, मिसेसच्या पेपरात एकदा 'परिमिती' ची 'परी मिठी' झाली होती.

आणि माझ्याकडे येताना पीडीएफ करून आणा, वर्डची फाइल नको. एका ए-फोरवर दोन पानं टाका, पाठपोट काढा, चार पानांची वर्कशीट एका कागदात बसते. हे सांगून मी माझाच धंदा कमी करतोय.

श्रुतलेखन

मी भाषा शिकवते त्यामुळे गणितवाल्यांच्या गर्दीत जरा बिचकतच लिहितेय. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची साइट आहे २०१५ पासूनची, मराठीत भरपूर गोष्टी, चार पातळ्या केल्यात, पहिल्या पातळीत एका पानावर एखादं वाक्य आणि चौथ्या पातळीत चांगली लांब गोष्ट. खुल्या परवान्याची आहेत, त्यामुळे छापा, वाटा, भाषांतर करा, चोरी होत नाही. हा मुद्दा मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या ग्रुपवर गाइडच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ फिरतात त्या फुकट नाहीत, त्या ढापलेल्या आहेत, आणि तेच आपण पोरांना कॉपी करू नका सांगतो.

माझ्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी भोजपुरी नाहीतर हिंदी. मी एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीत छापते, अर्ध्या वर्गाला ही, अर्ध्याला ती, आणि जोड्या लावते. मराठीवाला वाचतो, हिंदीवाली आपल्या कागदावर ते वाक्य शोधते. 'खारूताई' ला हिंदीत गिलहरी म्हणतात यावर आमच्याकडे एक तास भांडण झालं, कारण एका मुलीचं म्हणणं ताई हे हिंदीत का नाही लावलं, ती काय बहीण नाही का.

बालभारतीच्या 'किशोर' चे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट आहेत, ते मात्र मी पोरांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त उतरवलेत. विश्वकोशही ऑनलाइन आहे, पण तो शिक्षकानेच वाचावा, सातवीच्या मुलाला थेट दिला तर तो पुन्हा कधी विश्वकोश उघडणार नाही.

कुर्ला_स्लो

अजून एक राहिलं. प्लिकर्स, वर्गात झटपट प्रश्न विचारायचं ॲप. फोन फक्त शिक्षकाकडे लागतो. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक काळं-पांढरं चौकोनी चित्र द्यायचं, प्रत्येकाचं वेगळं, नंबर घातलेलं. उत्तर ए असेल तर एक बाजू वर, बी असेल तर दुसरी. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट दिसतं. कार्डावरची ए-बी ही अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही. नेट लागतं पण व्हिडिओसारखा डेटा खात नाही. मामा, याची कार्डं लॅमिनेट करू नका हां, ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेरा वाचत नाही, मी शंभर रुपये घालवून शिकले. जाड कागदावर साधी प्रिंट.

विक्रोळीची_बाई

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. शनिवारी घरी बसून फेटच्या चार फाइल्स उतरवल्या. त्यातली एक टीव्हीला थेट पेन ड्राइव्ह लावून उघडेना, टीव्ही फक्त व्हिडिओ आणि फोटो ओळखतो, मग मुलाचा जुना लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल असं जमवलं. ऑटोपे मध्ये बघितलं तर अजून एक निघालं, ९९ चं, ते कशाचं ते देवाला माहीत. बंद केलं.

मास्तर, मोटर मी काल घरी केली, आणि तुम्ही एवढं सांगूनसुद्धा पहिल्या झटक्यात दोन्ही टोकं पूर्ण खरवडली 🙈 थरथरली बिचारी. ती तशीच ठेवलीये, वर्गात दाखवायला. पण ५४ मुलांचे सहा-सहाचे गट म्हणजे नऊ मोटरी, तेवढी तार कुठे मिळेल? लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जावं लागेल का?

परळचे_मास्तर

अहो लॅमिंग्टन रोड कशाला. पंखे, पंप दुरुस्त करणारा, मोटर रिवाइंडिंगवाला तुमच्या स्टेशनच्या आसपास असेलच. त्याला 'शाळेसाठी वाइंडिंग वायरचे तुकडे हवेत' म्हणा, जळालेल्या पंख्यातली नको, तिचं इनॅमल गेलेलं असतं, नव्या तारेची उरलेली टोकं मागा. मला कुणी कधी पैसे मागितले नाहीत, उलट एकाने चहा पाजून त्याच्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक दाखवायला आणलं. चुंबकासाठी भंगारवाला, जुने स्पीकर.

झेरॉक्सवाले_मामा

भांडुपला या मॅडम, माझ्या शेजारचा गाळाच रिवाइंडिंगचा आहे. दुपारी दोन ते चार बंद असतो. प्लिकर्सची ५४ कार्डं पण त्याच फेरीत काढून घ्या, जाड कागद आहे माझ्याकडे.