आरशाकडे बघा
काहीजण म्हणतात की रेनेसाँ, म्हणजे युरोपातलं कलेचं पुनरुज्जीवन, म्हणजे इटलीतली फ्लॉरेन्स नि रोम; उत्तर युरोपातले चित्रकार नुसते गिरवत होते. नाही पटलं. उत्तरेकडच्या फ्लँडर्सचा चित्रकार यान व्हान आयक, त्याचं १४३४ चं ‘आर्नोल्फिनी दांपत्य’ हे तैलचित्र बघा. जेमतेम ८२ बाय ६० सेंटिमीटर. मागच्या भिंतीवरल्या बहिर्गोल आरशात जोडप्याची पाठ दिसते, शिवाय दारात उभी दोन माणसं. आरशाच्या चौकटीत ख्रिस्ताच्या यातनांची दहा चित्रं, एकेक नखाएवढं! अंड्याच्या बलकातला रंग झटपट वाळतो, त्यात हे जमणं कठीण. तेलातला सावकाश वाळतो, पातळ थरांवर थर चढवता येतात. (तैलरंग व्हान आयकनेच शोधले ही मात्र चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या इटालियन वासारीची लोणकढी थाप.) पुढे इटलीतच, व्हेनिसमध्ये, चित्रकार बेलिनीने तैलरंगच हाती घेतले.